अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर न उचलता कशी बदलावी

आपण लिहिले आहे की तीन महिन्यांपूर्वी आपल्या वडिलांच्या उजव्या अंगाला अर्धांगवायू झाला आणि तेव्हापासून ते पलंगावरच आहेत. चादर बदलायची वेळ आली की आपला भाऊ त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर उचलून धरतो आणि तेवढ्या वेळात आपण खालची चादर ओढून काढता. त्या प्रत्येक वेळी ते ओरडतात, नवी चादर तासाभरात गोळा होते आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला. त्यांना न उचलता चादर बदलता येते का, असा आपला प्रश्न आहे. येते, आणि वडिलांचे वजन आपण म्हणता तसे पंचाहत्तर किलो असले तरीही येते. मी २६ वर्षे परिचारिका म्हणून काम करीत आहे आणि रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलणे हे त्यातले रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण सांगितलेल्या तीन तक्रारी, म्हणजे ओरडणे, चादर गोळा होणे आणि लाल डाग, मला वेगवेगळ्या वाटत नाहीत. काखेत हात घालून माणसाला वर घेतले की खांदे उचलले जातात, पण कंबर आणि नितंब पलंगावरच टेकलेले राहतात. त्यांच्याखालून चादर ओढली की तिथली त्वचा चादरीबरोबर एका दिशेला खेचली जाते, आतले हाड मात्र जागच्या जागी राहते आणि या दोहोंच्या मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोर म्हणतो, तो केवळ दाबामुळे होतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दाब, ओल आणि ही घासाघीस हे तिघे मिळून तो घडवतात. शिवाय अर्धांगवायूत दुबळ्या बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यामुळे काखेतून दिलेला हिसका थेट सांध्यावर येतो. ओरडण्याचे निदान अर्धे कारण तिथे असावे, असा माझा अंदाज आहे. तेव्हा आजपासून काखेत हात घालून उचलणे आणि दुबळा हात धरून ओढणे, या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात.

आमच्या पद्धतीत रुग्णाला उचलतच नाहीत, कुशीवर वळवतात. चादर अर्धी-अर्धी बदलली जाते: रुग्ण एका कुशीवर असताना त्याच्या पाठीमागची अर्धी बाजू, आणि तो दुसऱ्या कुशीवर वळल्यावर उरलेली अर्धी. दोन वळणांत काम पुरे होते आणि सवय झाली की एकूण दहा-बारा मिनिटे लागतात, त्यातही रुग्ण प्रत्येक कुशीवर जेमतेम दोन-तीन मिनिटेच राहतो.

हे करण्यापूर्वी काही गोष्टींची खात्री करून घ्यावी लागेल, कारण प्रत्येक रुग्णाला असे वळवता येत नाही. मणक्याला मार लागलेला असेल, खुब्याचे किंवा मांडीचे हाड मोडलेले असेल अथवा खुब्याचा सांधा नुकताच बदललेला असेल, तर कसे वळवायचे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावू नये. ज्यांना सपाट झोपले की दम लागतो, त्यांची चादर आम्ही कुशीवर वळवून नव्हे, तर उशाकडून पायथ्याकडे, त्यांना अर्धवट बसते ठेवून बदलतो. आपल्या प्रश्नात यांपैकी काही दिसत नाही, म्हणून पुढचे सारे आपल्या वडिलांना लागू आहे असे धरून लिहिते. नाकातून नळी घालून आहार देत असाल तर तो आधी थांबवावा आणि आहारानंतर किमान एक तास तरी त्यांना सपाट झोपवू नये, कारण पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका अर्धांगवायूच्या रुग्णात अधिक असतो. तोंडाने जेवत असले तरी जेवणानंतर लगेच हे काम काढू नये. वेदनाशामक गोळी चालू असेल तर ती घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने चादर बदलावी. दोघांनाही सोपे जाते.

आपला पलंग भिंतीला लागून आहे, असे आपण लिहिले आहे. चादर बदलताना तो भिंतीपासून किमान दोन हात पुढे ओढून घ्यावा, चाके असतील तर त्यांना अडसर लावावा आणि भाऊ घरी असेल तेव्हाच पूर्ण चादर बदलावी. ज्या बाजूला रुग्ण तोंड करून वळणार, त्या बाजूला उभा असलेला माणूस किंवा वर केलेला मजबूत कठडा, यांपैकी एक असलेच पाहिजे. दोन्ही नसतील तर एकटीने हे काम करू नये. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आता तयारी. रुग्ण कुशीवर असताना आपण उशीचा अभ्रा शोधायला कपाटाकडे गेलात, तर तेवढा वेळ तो एका खांद्यावर आणि खुब्यावर भार देऊन पडलेला असतो, म्हणून सारे आधीच हाताशी हवे. मी खुर्चीवर गठ्ठा रचते तो उलट्या क्रमाने: सर्वांत शेवटी लागणारी पांघरायची चादर तळाशी, तिच्यावर अभ्रा, मग मोठ्या चादरीवर कंबरेखाली घालायची आडवी चादर, मग मेणकापड आणि सर्वांत वर गादीवर घालायची मोठी चादर. मोठी चादर लांबीच्या दिशेने मधोमध दुमडलेली ठेवावी, म्हणजे तिची मधली घडी गादीच्या मध्यावर आली की दोन्ही बाजूंना सारखी चादर उरते आणि पुन्हा ओढाताण करावी लागत नाही. शेजारी मळके कपडे टाकायला बादली किंवा पिशवी, हातमोजे, एक ओला आणि एक कोरडा फडका. डायपर बदलायचा असेल किंवा अंग पुसायचे असेल तर तेही याच वळणांत उरकावे, म्हणजे पुन्हा वळवावे लागत नाही.

लघवीची नळी असेल तर पिशवी आधी रिकामी करावी आणि ज्या बाजूला रुग्ण वळणार त्या बाजूला, पण मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खालीच लटकवावी. ती वर उचलली तर लघवी उलटी आत जाते. इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आजोबांची चादर मी फार नीट, एकही सुरकुती न ठेवता बदलली आणि नळी मात्र मांडीखाली अडकलेली तशीच राहिली. दोन तासांनी त्यांना वळवले तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला त्या नळीचा खोलगट, जांभळट ठसा उमटलेला होता आणि पिशवीत थेंबही उतरला नव्हता. तेव्हापासून चादर बदलून झाली की मी नळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवते. चादरीखाली राहिलेले सुईचे टोपण, बिस्किटाचा तुकडा, सदऱ्याचे बटण हेही तसेच ठसे उमटवतात.

पलंगाची उंची कमी-जास्त करता येत असेल तर गादी आपल्या कमरेच्या पातळीला आणावी. घरातला नेहमीचा पलंग बुटका असतो. अशा वेळी कमरेत वाकण्याऐवजी एक गुडघा गादीच्या कडेवर टेकवावा, दुसरे पाऊल जमिनीवर घट्ट ठेवावे आणि जोर हातांनी न लावता आपल्या शरीराचा भार मागे-पुढे नेऊन लावावा. परिचारिकांची पाठ बहुतेक वेळा अशाच एखाद्या वाकण्यात जाते, आणि वडिलांना तर आपली पाठ रोज लागणार आहे.

आता वळवणे. समजा, त्यांना प्रथम डाव्या, म्हणजे चांगल्या कुशीवर वळवायचे आहे. भावाने त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहावे, आपण उजव्या बाजूला. उशाकडची बाजू सपाट करावी, डोक्याखाली एकच उशी ठेवावी. पहिली गोष्ट ही की वळवण्यापूर्वी त्यांना थोडे आपल्याकडे, म्हणजे वळणाच्या उलट बाजूला सरकवून घ्यावे. माणूस वळला की तो आपल्या रुंदीएवढा पुढे जातो. मध्यावरून वळवला तर कडेला जातो आणि कडेची भीती बसली की पुढच्या वेळी अंग ताठ करतो. सरकवताना कंबरेखालची आडवी चादर, जिला आम्ही ड्रॉ शीट म्हणतो, ती दोघांनी दोन्ही बाजूंनी अंगालगत गुंडाळून मुठीत धरावी आणि त्यांना घासत न नेता किंचित उचलल्यासारखे करून न्यावे. ती खांद्यांपासून मांड्यांच्या मध्यापर्यंत पोचेल एवढी रुंद असावी. डोके आणि टाचा मागे राहत नाहीत ना, याकडेही लक्ष असावे.

मग त्यांच्या डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट धरायला सांगावे, म्हणजे दुबळा हात मागे लोंबकळत राहणार नाही. उजवा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवावे. आपला एक हात त्यांच्या उजव्या खांद्याच्या पाठीमागे, खवाट्यावर, आणि दुसरा खुब्यावर ठेवावा, दंडावर नव्हे. भावाचे हात पलीकडून त्यांना घ्यायला तयार असावेत. मग एक, दोन, तीन म्हणून खांदा आणि खुबा एकाच वेळी, ओंडका फिरवावा तसे सबंध अंग एकदम वळवावे. वाकवलेला गुडघा आपोआप पुढे जातो आणि पंचाहत्तर किलोचा माणूस आश्चर्य वाटावे इतक्या सहज वळतो.

मोजणे टाळू नये. आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी आम्हां मुलींना एकमेकींना पलंगावर झोपवून हा सराव करायला लावत. माझ्या मैत्रिणीने मला न सांगता वळवले, तेव्हा छत एकदम बाजूला सरकले, समोर पलंगाची कड आणि खाली फरशी आली आणि माझा हात आपोआप काहीतरी धरायला गेला. मी धडधाकट होते, वीस वर्षांचीही नव्हते, आणि तरी मी दचकून ओरडले. आपल्या वडिलांच्या उजव्या अंगाला अर्धांगवायू आहे आणि ते फारसे बोलत नाहीत असे आपण म्हणता; उजवी बाजू गेली की पुष्कळदा शब्दही जातात, कारण उजवे अंग आणि बहुतेकांची भाषा ही दोन्ही मेंदूच्या डाव्या भागाच्या ताब्यात असतात. त्यामुळे नुसते सांगून कदाचित पुरणार नाही. त्यांच्या समोर येऊन, ज्या दिशेला वळायचे तिकडे हाताने खूण करावी, त्यांनी पाहिले आहे याची खात्री करावी आणि मगच मोजायला सुरुवात करावी. वळल्यावर त्यांच्या डाव्या हाताला धरायला काहीतरी द्यावे: कठडा असेल तर कठडा, नाहीतर भावाचे मनगट. माझ्या अनुभवात हाताला आधार मिळाला की निम्मे ओरडणे थांबते.

ते डाव्या कुशीवर स्थिर झाले, भावाचा एक हात खांद्यावर आणि एक खुब्यावर आला की आपले काम सुरू होते. अंगावरची पांघरायची चादर काढू नये. पाठीमागचा भाग लागेल तेवढाच उघडावा. हातमोजे घालून मळकी चादर, मेणकापड आणि आडवी चादर आपल्या बाजूने सोडवावी आणि घाण बाजू आत राहील अशी, पाठीला लागेपर्यंत घट्ट वळकटी करीत न्यावी. उघडी पडलेली गादी ओल्या फडक्याने व मग कोरड्या फडक्याने पुसावी. हातमोजे मळले असतील तर ते इथेच काढून, हात स्वच्छ करून मगच नव्या चादरीला हात लावावा, नाहीतर नवी चादर घालण्याआधीच मळते. आता नवी चादर मधल्या घडीने गादीच्या मध्यावर ठेवून आपल्या बाजूची अर्धी पसरावी आणि पलीकडची अर्धी चुण्या घालून मळक्या वळकटीला खेटून ठेवावी. तिच्यावर तसेच मेणकापड आणि आडवी चादर. शिवणीची जाड कड नेहमी खालच्या बाजूला यावी, त्वचेकडे नव्हे. आपल्या बाजूची चादर ताणून गादीखाली खोचून टाकावी.

याच क्षणी, ती वळकटी पाठीशी असताना, नजर पाठीवरून फिरवावी. चादर बदलताना मला सर्वांत मोलाची वाटते ती ही अर्धी मिनिट, कारण दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी ही त्वचा इतकी सरळ समोर येत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, खवाटे, कोपर, कानाची पाळी आणि डोक्याची मागची बाजू, म्हणजे जिथे हाड कातडीच्या लगेच खाली आहे त्या जागा पाहाव्यात. लाल डागावर बोट हलकेच दाबून उचलावे. दाबल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर दाब हटवल्यावर तो बहुधा जाईल. दाबूनही पांढरा पडत नसेल तर शय्याव्रणाची सुरुवात झालेली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा गरम, कडक, सुजलेली किंवा काळसर झालेली जागा हातानेच शोधावी लागते. अशा जागी चोळू नये, तेलाने मालीश करू नये आणि पावडर भरू नये. मधोमध भोक असलेली हवेची गोल रिंगही देऊ नका. ती कडेने रक्तप्रवाह दाबते आणि मधल्या भागाचे नुकसानच करते.

आता दुसरे वळण. त्यांना सांगावे की पाठीखाली थोडा उंचवटा लागेल. न सांगता तो लागला की माणूस घाबरून अंग आवरतो. भावाच्या मदतीने त्यांना उताणे करावे आणि तसेच पुढे आपल्याकडे, उजव्या कुशीवर घ्यावे. त्यांचा डावा हात यात मदत करू शकतो, कारण तो अंगावरून पुढे नेऊन ते स्वतःच वळणाला जोर देतील. मात्र त्यांचा उजवा खांदा अंगाखाली चेपला जाऊ नये म्हणून वळतानाच तो आतून हलकेच पुढे काढून ठेवावा आणि या दुबळ्या कुशीवर त्यांना कमीत कमी वेळ ठेवावे. ते आता आपल्याकडे तोंड करून आहेत. आपल्या मांड्या पलंगाच्या कडेला टेकवून, खांदा व खुबा धरून आपण उभे राहावे आणि उरलेले काम भावाने करावे. मळकी वळकटी उचलून थेट बादलीत टाकणे, गादी पुसणे, नव्या चादरीच्या चुण्या ओढून सोडवणे आणि ताणून खोचणे, एवढेच ते काम आहे. मळकी चादर झटकू नये, जमिनीवर टाकू नये आणि छातीशी धरून नेऊ नये. ओढताना भावाने एक पाय मागे ठेवून सबंध अंगाचा भार मागे टाकावा; मनगटाने ओढलेली चादर कधीच पुरेशी ताणली जात नाही.

आपली चादर तासाभरात गोळा होते, याचे एक कारण कोपऱ्यात आहे. पायथ्याशी चादर खाली खोचल्यानंतर, कोपऱ्यापासून साधारण एक हात अंतरावर तिची लोंबती कड धरून वर उचलावी आणि गादीवर त्रिकोण होईल अशी आडवी ठेवावी. खाली लोंबणारा उरलेला भाग गादीखाली खोचावा. मग तो त्रिकोण खाली पाडून तोही खोचावा. असा तिरका कोपरा चारही बाजूंना केला की चादर दिवसभर हलत नाही. हवेची गादी वापरत असाल तर मात्र चादर सैल ठेवावी आणि थर कमीत कमी घालावेत, कारण घट्ट ताणलेल्या चादरीखाली त्या गादीचा उपयोगच राहत नाही. चादर बदलताना पंपावर गादी टणक करण्याची सोय असेल तर ती तेवढ्यापुरती वापरावी.

पांघरायच्या चादरीला पायाच्या बोटांवर पाच-दहा सेंटीमीटरची एक आडवी चुणी सैल सोडावी. घट्ट ताणलेले पांघरूण पावलांना सतत खाली दाबत राहते, आणि आपल्या वडिलांचे उजवे पाऊल आधीच खाली झुकू पाहत असेल. शेवटी त्यांना मधोमध आणून, दुबळ्या हाताखाली उशी देऊन, पुढच्या दोन तासांसाठी एका कुशीकडे साधारण ३० अंश कलते ठेवावे. माकडहाडावरचा भार त्याने सुटतो. पूर्ण उताणे ठेवायचे असेल तर पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. उशाकडची बाजू फार उंच केली की ते हळूहळू खाली घसरतात आणि तीच घासाघीस पुन्हा सुरू होते, म्हणून जेवणाच्या व नळीतून आहार देण्याच्या वेळा सोडून ती ३० अंशांपेक्षा वर नेऊ नये.

चादर किती वेळा बदलावी, हेही आपण विचारले आहे. ओली झाली की ताबडतोब, मग दिवस असो वा रात्र. एरवी आडवी चादर रोज आणि मोठी चादर दोन-तीन दिवसांआड, असे मी सुचवीन. आडव्या चादरीचा मोठा फायदा हाच, की भाऊ घरी नसताना तेवढीच बदलून दिवस निभावता येतो. मात्र त्यासाठीही कुशीवर वळवावेच लागते, म्हणून निदान दिवसा एका बाजूला कठडा लावून घ्यावा. मळलेल्या चादरीवरचे शौच हातमोजे घालून आधी काढावे, रक्त किंवा विष्ठेचे डाग प्रथम गार पाण्यात भिजवावेत, कारण गरम पाण्याने ते पक्के बसतात, आणि मग ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. दमट राहिलेली चादर पुन्हा घालू नये.

माकडहाडाचा डाग आपण उद्याच, दाबून पांढरा पडतो का ते पाहून, डॉक्टरांना किंवा घरी येणाऱ्या परिचारिकेला दाखवावा. कातडी सोलली असेल, फोड आला असेल किंवा वास येत असेल तर उद्यापर्यंतही थांबू नये. आणि वडिलांवर हे सारे करण्यापूर्वी एक संध्याकाळ आपण भावाला पलंगावर झोपवून त्याला वळवून पाहावे आणि त्याने आपल्याला. उजवा हात मेल्यासारखा ठेवून, एकही शब्द न बोलता, फक्त खुणेवरून. कुठे हिसका बसतो आणि कोणत्या क्षणी काहीतरी धरावेसे वाटते, हे तेव्हा दोघांच्याही लक्षात येईल, आणि पुढच्या वेळी वडिलांच्या हाताला आधार देण्याची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही.